शाळेत न बोलणाऱ्या मुलाच्या आईस

प्रश्न : आम्ही पारोळा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझा मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत आहे. चौथ्या वर्षापासून तो बोलताना अडखळतो. शब्दाचे पहिले अक्षर तीन-चार वेळा येते, कधी तोंड उघडते पण आवाजच निघत नाही. पहिलीला तो गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत होता आणि तेथे अडखळत का होईना, बोलत होता. जूनपासून त्याला तालुक्याच्या गावी सेमी-इंग्रजी शाळेत घातले. जुलैमध्ये धडा वाचताना तो अडकला, वर्ग हसला आणि ‘बोलता येत नाही तर उभा कशाला राहिलास’ असे बाई म्हणाल्या. तेव्हापासून, आता दिवाळी होऊन गेली तरी, तो शाळेत एक शब्दही बोललेला नाही. व्हॅनमध्ये आमच्याच गावच्या मुलांशीही बोलत नाही. रोज सकाळी त्याचे पोट दुखते. लघवी घरी येईपर्यंत धरून ठेवतो. घरी मात्र अहिराणीत भरपूर गप्पा मारतो आणि गोठ्यात वासराशी तर जवळजवळ न अडखळता बोलतो. सासूबाई त्याला वेखंड चाटवतात, शेजारचे म्हणतात जिभेखालची तार कापून आणा. मुलाचे वडीलही लहानपणी असेच बोलत, त्यामुळे ते म्हणतात की आपोआप जाईल. शाळेने सांगितले आहे की घरी अहिराणी बंद करा. आमचे काही चुकले का? कोठे जावे? — एक आई

उत्तर :

ताई, अहिराणी बंद करण्याच्या सल्ल्याचा उल्लेख तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत केला आहे, पण मला वाटते तीच गोष्ट तुम्हाला सर्वांत जास्त बोचत असावी, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. अहिराणी बंद करू नका. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असल्यामुळे मूल तोतरे होत नाही. तोतरेपणा हा मेंदूतून बोलण्याच्या हालचाली जुळवल्या जाण्याच्या पद्धतीतील फरक आहे आणि तो बऱ्याचदा घराण्यात असतो. त्याच्या वडिलांचे लहानपण तुम्ही स्वतःच सांगितले आहे. तुमच्या बोलीमुळे, तुमच्या लाडामुळे किंवा तुमच्या एखाद्या रागावण्यामुळे हे झालेले नाही, तेव्हा स्वतःला बोल लावून घेऊ नका. शिवाय आजच्या घडीला अहिराणी ही त्या मुलासाठी एकमेव अशी जागा आहे जेथे त्याला बोलण्याची भीती वाटत नाही. ती त्याच्याकडून काढून घेतली तर तो शाळेत प्रमाण मराठी बोलू लागणार नाही. घरीही गप्प होईल, एवढेच होईल. शाळेशी बोलताना आधार हवा असेल तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा दाखला द्या. शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून अथवा मातृभाषेतून शिकवावे, असेच त्यात म्हटले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तुमच्या मुलाला एक नाही, दोन अडचणी आहेत, आणि त्या एकमेकींत गुंतल्यामुळे एकच असल्यासारख्या दिसतात. पहिली तोतरेपणाची, जी चौथ्या वर्षापासून आहे. दुसरी जुलैपासूनची आहे आणि ती बोलण्याची नसून भीतीची आहे. घरी मोकळेपणाने बोलणारे मूल शाळेसारख्या ठरावीक ठिकाणी एक शब्दही काढू शकत नाही आणि असे महिनोन्‌महिने चालते, याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. मराठीत ‘निवडक मौन’ असा शब्द वापरला जातो, पण तो मला फसवा वाटतो, कारण त्यातून मुलाने हे मौन स्वतः निवडले आहे असा अर्थ निघतो. तसे मुळीच नसते. हा चिंतेचा विकार म्हणून गणला जातो. त्या ठिकाणी गेल्यावर मुलाचा घसा जणू आवळला जातो आणि मनात असूनही शब्द बाहेर येत नाही. नव्या शाळेत, नव्या भाषेत गेलेली काही मुले सुरुवातीचे आठवडे गप्प राहतात आणि ते स्वाभाविक असते. परंतु तुमचा मुलगा व्हॅनमध्ये, अहिराणी बोलणाऱ्या, ओळखीच्या मुलांशीही बोलत नाही. म्हणजे प्रश्न भाषा न कळण्याचा नाही. पत्रातील हे बारीक निरीक्षण डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यावरून त्यांना बरेच कळेल.

त्याच्या वडिलांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच या वयात सुरू होतो, शंभरातील साधारण पाच मुलांना कधी ना कधी होतो आणि त्यातील सुमारे तीनचतुर्थांश मुलांचा पुढे जातोही. मात्र ज्यांचा आपोआप जातो त्यांचा बहुतेक वेळा सुरू झाल्यापासून पहिल्या दोन-तीन वर्षांत जातो. तुमच्या मुलाला तीन वर्षे होत आली आहेत, तो सात वर्षांचा आहे, आणि आता त्याला स्वतःला आपल्या बोलण्याची लाज वाटू लागली आहे. या टप्प्यावर वाट पाहणे हा उपाय राहत नाही. वडिलांना मात्र माझी एक विनंती सांगा. लहानपणी वर्गात उभे राहिल्यावर त्यांना स्वतःला काय वाटायचे, ते त्यांनी एखाद्या संध्याकाळी मुलाला सहज सांगावे. आपल्यासारखेच बाबांचेही होत होते, हे त्या मुलाला घरात दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

वेखंड आजपासून थांबवा. त्याने तोतरेपणा जात नाही आणि लहान मुलांना त्यामुळे उलट्या होऊ शकतात. जिभेखालची तार कापण्याचा सल्लाही बाजूला ठेवा. ती फार आखूड असेल तर काही उच्चार बोबडे होऊ शकतात, पण तोतरेपणा त्यामुळे होत नाही, आणि जे मूल वासराशी स्पष्ट बोलते त्याची जीभ बांधलेली नाही हे उघड आहे. सासूबाईंना दुखवून हे सांगू नका. कानबाई देवीला नवस बोलायचा असेल तर जरूर बोलावा, रोटांचा नैवेद्य करावा. फक्त त्या नवसाचे कारण मुलासमोर कोणी उच्चारू नये एवढे त्यांच्याकडून कबूल करून घ्या. ओट्यावर बसून ‘याच्या जिभेला काय झालंय’ ही चर्चा मूल शेजारी असताना चालते आणि ते खेळण्यात दंग आहे असे आपल्याला वाटते. ते प्रत्येक शब्द ऐकत असते.

कोठे जावे, याचे उत्तर तीन टप्प्यांत आहे. आधी कान तपासून घ्या. तुमच्या वर्णनावरून त्याला ऐकू चांगले येत असावे, तरी बोलण्याची कोणतीही अडचण असली की श्रवणचाचणीपासूनच सुरुवात करायची असते. त्यानंतर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा लाभ घ्या. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. आरोग्य पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा जातात, आणि पुढील उपचारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते, जेथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि स्पीच थेरपिस्ट यांची सेवा एकाच ठिकाणी आणि विनामूल्य मिळावी अशी रचना आहे. पथक शाळेत येण्याची वाट पाहू नका. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन या पथकाच्या डॉक्टरांना भेटा आणि संदर्भचिठ्ठी घ्या. तिसरा टप्पा मानसोपचार विभागाचा आहे. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तुमचा जिल्हा जळगाव असला तरी पारोळ्याहून धुळे जवळ पडते, आणि तेथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायला तुम्हाला जिल्ह्याची हद्द आडवी येत नाही. मानसोपचार म्हटले की घरात ‘वेड्याचा डॉक्टर’ हा शब्द निघेल. तो निघू द्या आणि तरीही जा. या वयात उपचाराची सुरुवात गोळ्यांनी होत नाही, ती खेळांनी आणि छोट्या छोट्या पायऱ्यांनी होते.

खासगी स्पीच थेरपिस्टकडे जाणार असाल तर त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. ‘पंधरा दिवसांत तोतरेपणा घालवतो’ अशी हमी देणाऱ्याच्या पायऱ्याही चढू नका. पहिल्याच भेटीत दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : मुलगा घरी अहिराणी बोलतो, म्हणून त्याच्या बोलण्याची पारख अहिराणीतूनही व्हायला हवी, आणि तो परक्या खोलीत बहुधा एक शब्दही बोलणार नाही. ही दुसरी गोष्ट आधी सांगितली नाही तर काय होते, ते मी अनेक कुटुंबांकडून ऐकले आहे. मूल खोलीत गप्प बसते, समोरचा तज्ज्ञ पंधरा मिनिटे ‘तुझं नाव काय’ विचारत राहतो, आई मागून ‘बोल ना रे’ म्हणत राहते, आणि जाण्यायेण्याचा खर्च व एका दिवसाची मजुरी घालवून सगळे आणखी हिरमुसून परत येतात. कापूस वेचणीच्या दिवसांत अशी एक फेरी किती महाग पडते हे मला ठाऊक आहे. म्हणून घरी करायचा अभ्यास लिहून मागा, आणि मधल्या काही भेटी मोबाइलवरून व्हिडिओ कॉलने होतील का, हेही विचारा. दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे आत्ता लागू नका. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे, परंतु ते कायमस्वरूपी आणि शारीरिक अथवा मेंदूविषयक कारणांनी आलेल्या स्थितींसाठी आहे. उपचार सुरू करायला अशा कोणत्याही कागदाची गरज नसते.

आता शाळा. माझ्या मते खरे काम येथेच आहे, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

त्या बाई जे बोलल्या ते अयोग्य होते. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केलेली आहे, आणि पुन्हा तसे घडले तर तुम्ही मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार करू शकता. तरीही पहिले पाऊल तक्रारीचे नसावे असे मला वाटते, कारण तुमच्या मुलाला रोज पाच-सहा तास त्याच बाईंच्या वर्गात काढायचे आहेत आणि त्याला बोलते करण्यात त्यांच्याइतकी मदत दुसरे कोणी करू शकणार नाही. शाळा सुटल्यावर, मूल बरोबर नसताना, दोघे पालक जाऊन त्यांना भेटा. आपला मुलगा हट्टी नाही, त्याला बोलण्याची भीती वाटते आणि त्यावर उपचार सुरू करत आहोत, हे सांगा. डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली की तिची एक प्रत द्या. हजेरीला त्याने ‘हजर’ म्हणण्याऐवजी हात वर केला तर चालावे, उत्तर पाटीवर लिहून किंवा बोट ठेवून दाखवता यावे, आणि लघवीला जाण्यासाठी बाईंच्या टेबलावर एक रंगीत कार्ड ठेवून त्याला न बोलता जाता यावे, असे त्यांच्याकडून मागून घ्या. हे कार्ड सर्वांत आधी. ज्या मुलाला दिवसभर लघवी धरून बसावे लागते त्याच्याकडून पाठांतराची अपेक्षा कशी करणार? सकाळच्या पोटदुखीतही या धास्तीचा काही वाटा असेल.

तोंडी परीक्षेला घरी मोबाइलवर वाचलेला उतारा ग्राह्य धरावा, अशी विनंती करा. मोठ्याने वाचायचे असेल तेव्हा सगळ्या वर्गाने मिळून एका सुरात वाचावे. तोतरे बोलणारी बहुतेक माणसे इतरांच्या बरोबरीने, एकत्र वाचताना अडखळत नाहीत, आणि त्यात कोणाचे लक्ष आपल्यावर नाही हा दिलासाही असतो. बाईंनी त्याला प्रश्न न विचारता त्याच्या शेजारी बसून नुसते बोलावे, ‘अरे वा, तू वासराचं चित्र काढलंस, त्याच्या कपाळावर टिकलाही आहे’, आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जावे. ज्या दिवशी तो पहिला शब्द बोलेल त्या दिवशी टाळ्या वाजवू नयेत, ‘बोलला, बोलला’ असा गजर करू नये. काहीच विशेष घडले नाही अशा रीतीने त्या शब्दाचे उत्तर द्यावे. एवढ्या मोठ्या कौतुकानेसुद्धा असे मूल पुन्हा मिटते. विशेष शिक्षकाची मदत लागली तर मुख्याध्यापक तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विचारू शकतात.

बोलण्याकडे नेणाऱ्या पायऱ्या अशा असतात. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तुम्ही दोघे पंधरा मिनिटे बसा आणि त्याला आवडेल तो खेळ खेळा, अर्थात अहिराणीत. पहिल्या दिवशी तो कुजबुजेल किंवा काहीच बोलणार नाही, हरकत नाही. चार-सहा दिवसांनी त्या भिंतींमध्ये तो तुमच्याशी नेहमीच्या आवाजात बोलू लागला की दारापाशी बाईंनी काहीतरी काम करत उभे राहावे, त्याच्याकडे न पाहता. मग त्यांनी हळूहळू जवळ यावे, मग खेळात भाग घ्यावा, आणि मग तुम्ही पाणी पिण्याच्या निमित्ताने दोन मिनिटे बाहेर जावे. बाईंना अहिराणीची चार वाक्ये येत असतील तर फारच उत्तम. पुढे व्हॅनमधील एखादा शांत मुलगा या खेळात आणता येईल. प्रत्येक पायरीवर किती दिवस थांबायचे, हे तज्ज्ञ सांगतील. यात आठवडे नव्हे, महिने जातात. एखाद्या पायरीवर तो पुन्हा गप्प झाला तर एक पायरी खाली यायचे, बस इतकेच. क्रमाविषयी माझा आग्रह असा की शाळेपुरते तरी भीतीचे काम आधी आणि तोतरेपणाच्या तंत्राचे काम नंतर व्हावे. जेथे शब्दच फुटत नाही तेथे तो न अडखळता कसा उच्चारावा, हे शिकवून काय उपयोग?

घरी तुम्ही करायचे ते वरकरणी अगदी साधे आहे, पण पाळायला कठीण आहे. तो अडकला की ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’, ‘परत म्हण’ असे काहीही सांगू नका आणि त्याचा शब्द पूर्ण करून देऊ नका. त्याच्याकडे नेहमीसारखे पाहत थांबा. वेग कमी करायचा असेल तर तुमच्या स्वतःच्या बोलण्याचा करा आणि त्याचे वाक्य संपल्यावर एक क्षण थांबून मग उत्तर द्या. एका वेळी एकच प्रश्न विचारा. रोज दहा मिनिटे फक्त त्याच्यासाठी ठेवा, ज्यात धाकटी भावंडे नाहीत, टीव्ही नाही आणि भाकरी थापण्याची घाईही नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आत्या, मावश्या येतील तेव्हा कोणीतरी लाडाने ‘काबर बोलस नही रे?’ (का बोलत नाहीस रे?) विचारणारच, त्यांना आधीच फोन करून सांगून ठेवा. चुलतभाऊ नक्कल करत असतील तर त्यांना बाजूला घेऊन गंभीरपणे समजवा. आणि तोतरेपणा हा शब्द त्याच्यापासून लपवू नका. ‘तुझे शब्द कधी कधी अडकतात, तसे पुष्कळ लोकांचे अडकतात, आपण त्यासाठी मदत घेणार आहोत’, एवढे शांतपणे सांगितले की मुलावरचे मोठे ओझे उतरते.

पोटदुखी खोटी नाही. बालरोगतज्ज्ञांकडून एकदा तपासून घ्या आणि लघवी धरून ठेवण्याविषयीही सांगा, कारण त्यातून संसर्ग होऊ शकतो. तपासणीत काही निघाले नाही तर मात्र पोट दुखते म्हणून घरी ठेवण्याची सवय लावू नका. घरी राहिलेला प्रत्येक दिवस शाळेची भीती वाढवतो. शाळेतील ओझे कमी करा, शाळा कमी करू नका. यापेक्षा वेगळे काही दिसले, म्हणजे तो घरीही बोलेनासा झाला, येत असलेले शब्द विसरू लागला, झटके आले, जेवण-झोप तुटली किंवा ‘मला मरायचंय’ असे काही म्हणाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक दिवसरात्र चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. तो तुमच्यासाठीही आहे. रात्री मन भरून आले तर तुम्ही स्वतः तेथे बोलू शकता.

येत्या आठवड्यात दोन कामे करा. एका वहीत सात दिवस लिहा : तो कोठे, कोणाशी, किती बोलला, कुजबुजला की मोठ्याने, कोठे अडकला. आणि गोठ्यात वासराशी चाललेल्या त्याच्या गप्पांचे दोन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करा, कारण रुग्णालयातील खोलीत तो गप्प बसला तर त्याचे बोलणे कसे आहे हे तज्ज्ञांना त्यावरूनच ऐकता येईल. मात्र चोरून करू नका. डॉक्टरांना तुझा आवाज ऐकवायचा आहे, चालेल का, असे त्याला आधी विचारा, आणि मोबाइल त्याच्याच हातात द्या. कोठे ठेवायचा ते तो ठरवेल. तो नाही म्हणाला तर त्या दिवशी राहू द्या आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारा.